टेस्टेड बाय लक्ष्मण

नाशिक, ४ नोव्हेंबर २०२४

चि. संहिता,

आशीर्वाद. पाकीट बघून तू म्हणशील, काकांना अमिताने मोबाइल घेऊन दिलाय ना? दिलाय. पण तो बोलतो आणि मला ऐकू येत नाही, अशी आमची जोडी आहे. एकतीस वर्षं पंपांच्या घरघरीत उभा राहिलो, कान तिथेच, पोलोग्राउंडच्या कारखान्यात राहिले. मेसेजची अक्षरं तर मुंगीएवढी. तेव्हा आपला कागद बरा. देवेंद्र असता तर त्यालाच लिहिलं असतं. तुझे बाबा गेल्यापासून इंदूरला लिहावं असं माझं दुसरं कोणी उरलेलं नाही.

काल भाऊबीजेला निफाडला सुमनकडे गेलो होतो. तिच्या मुलाने, शंतनूने, विहिरीवर नवा पंप बसवलाय. बघतो तर आपल्या कारखान्याचा. ओवाळून घ्यायच्या आधी विहिरीवर गेलो म्हणून बहिणीची बोलणी खाल्ली. पंप चालू करून हात ठेवून बघितला, बेअरिंग गरम होत नव्हतं. मग शंतनूने प्लास्टिकच्या पाकिटातून टेस्टिंगचा कागद काढला. हेड, डिस्चार्ज, अँपिअर, सगळं नीट छापलेलं, आणि खाली इंग्रजीत: टेस्टेड बाय लक्ष्मण.

तारीख यंदाच्या ऑगस्टची. मी रिटायर होऊन नऊ वर्षं झाली.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. संहिता, आमच्या वेळी त्या कागदावर खाली 'टेस्टिंग डिपार्टमेंट' एवढंच असायचं. ते डिपार्टमेंट म्हणजे मी, एक हौद आणि एक स्टूल. हजारो पंप ह्या हातांखालून गेले, पण नाव कधी कागदावर आलं नाही. आणि आता, मी इथे मुलीच्या घरी नातवंडांच्या वह्यांना कव्हरं घालत बसलेला असताना, श्रीकृष्णजींनी माझं नाव चालू ठेवलंय. मालक माणसाला एवढं सुचावं. मला तिथे विहिरीवरच रडू आलं, ते सांगायला लाज वाटत नाही.

अमिता सांगत होती की तू कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम करतेस. ही कल्पना कोणाची, तेवढं विचारून कळव. मला आभार मानायचे आहेत.

तुझा,
लक्ष्मणकाका


इंदूर, १९ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

नमस्कार. मराठीत पत्र लिहायची ही माझी बहुतेक शाळेनंतरची पहिलीच वेळ. जिथे हिंदी घुसेल तिथे समजून घ्या. उत्तराला उशीर झाला, तुमचं पत्र वाचून मी कारखान्यात जाऊन आले म्हणून.

तुमची आठवण तिथे सगळे काढतात, हे अगदी खरं आहे. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा कामाला गेले तेव्हा फिटर पंढरीनाथ कोणाला तरी ओरडून सांगत होते, "ये वाला लक्ष्मण पे चढ़ा दो." मी घाबरून बघितलं की कोणावर काय चढवतायत. मग कळलं की टेस्टिंगच्या बेंचलाच तिथे लक्ष्मण म्हणतात. "लक्ष्मण खाली है क्या", "लक्ष्मण का पानी बदलो". जे तुमच्यानंतर आले, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नाही, तेही तसंच म्हणतात. तेव्हा नाव चालू आहेच, काका.

श्रीकृष्णजी आता कमी येतात, त्यांचे चिरंजीव देवांशभैया बघतात सगळं. त्यांना मी अजून काही बोलले नाही, ऑर्डरच्या गडबडीत आहेत.

बाबांबद्दल लिहाल का काही? ते स्टोअरकीपर होते एवढंच मला माहीत. घरी ते कारखान्याचं फारसं बोलायचे नाहीत, आणि मी विचारलंही नाही. आता त्या स्टोअरच्या खिडकीसमोरून जाते तेव्हा वाटतं की विचारायला हवं होतं.

तुमची,
संहिता


नाशिक, २७ नोव्हेंबर २०२४

चि. संहिता,

बेंचला लक्ष्मण म्हणतात हे वाचून एवढा हसलो की अमिता स्वयंपाकघरातून धावत आली. तिच्या नवऱ्याने तो कागद मोठा करून आणून दिला, बैठकीत लावलाय. जावईबापू नऊ वर्षं लोकांना माझी ओळख "सासरे, पंपात होते" अशी करून देत होते, जसा काही मी आत पडलो होतो. आता येईल त्याला कागद दाखवतात.

देवेंद्रबद्दल काय लिहू, कुठून लिहू. दसऱ्यानंतर बेंचवरून उतरणारा पहिला पंप आम्ही विकायच्या आधी खजरान्याच्या गणपतीला नेत असू. टेम्पोत पंप, पंपाला हार, आणि तो हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरून मी आणि तुझे बाबा. एका वर्षी देवळाबाहेर फुलवाल्याने विचारलं, "भिया, ये कौन से भगवान हैं?" देवेंद्र एकदम गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पाँच हॉर्सपॉवर." फुलवाल्याने हात जोडले. परत येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो आणि पंप कोणी धरलेलाच नव्हता.

स्टोअरच्या खिडकीत तो राजासारखा बसायचा. चिठ्ठी पाठवल्याशिवाय स्क्रूसुद्धा हलायचा नाही. मी दोस्त म्हणून सरळ आत शिरलो तर म्हणायचा, "लक्ष्मणराव, चिठ्ठी." मग मी बाहेर जाऊन चिठ्ठी लिहायची, खिडकीतून द्यायची, आणि त्याने चहासकट सामान द्यायचं. त्या खिडकीसाठी अजून जीव तुटतो माझा.

कल्पना कोणाची ते विचारायचं आता राहू दे. मी श्रीकृष्णजींना परवाच आभाराचं पत्र टाकलं.

लक्ष्मणकाका


इंदूर, २२ जानेवारी २०२५

ती. काका,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जे उतरेल ते पाठवते.

तुमचं नाव श्रीकृष्णजींनी छापलेलं नाही. देवांशभैयांनीही नाही. ते माझ्या चुकीमुळे छापलं जात होतं, आणि मागचं पत्र लिहिताना मला ते माहीत होतं. तुम्ही विहिरीवर रडलात असं वाचलं आणि मला खरं लिहिता आलं नाही. बेंचचं सगळं खरं होतं, पण मी ते खोटं बोलायला वापरलं.

चूक कशी झाली ते बाबांच्या खिडकीवरून सांगते. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून कागदावर टेस्टरच्या नावाचा कॉलम आला. तो प्रोग्राम मी लिहिला. असे प्रोग्राम हल्ली आपल्याला लागणारी वस्तू स्वतः शोधत नाहीत. ते चिठ्ठी देतात, आणि फ्रेमवर्क म्हणून एक असतं, स्टोअरकीपरसारखं, ते वस्तू आणून हातात ठेवतं. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं 'युजरनेम'. त्या नावाच्या डब्यात, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, मी टेस्टरचं नाव ठेवलं होतं. पण फ्रेमवर्क आधी मशीनच्या स्वतःच्या फळीवर बघतं, माझ्या फाइलकडे नंतर येतं. आणि मशीनच्या फळीवरही त्याच नावाचा एक डबा असतो. कॉम्प्युटर ज्याच्या नावाने उघडतो त्याचं नाव त्यात असतं. ऑफिसमधला तो जुना कॉम्प्युटर 'लक्ष्मण' नावाने उघडतो. पहिल्या डब्यातलं नाव उचललं गेलं, माझी फाइल कोणी उघडलीच नाही.

मी घरी तपासलं नव्हतं असं नाही. तपासताना फाइलमध्ये स्वतःचं नाव टाकलं होतं. आणि माझा लॅपटॉपही माझ्याच नावाने उघडतो. कागदावर संहिता आलं, मी खूश.

आता ज्यासाठी लिहितेय ते. तुमच्या बेंचवर दोन वर्षं शलाका सोनवलकर काम करते. बाणगंगेहून सायकलने येते, आयटीआय केलेली, पंचवीस वर्षांची. फाइलमध्ये तिचंच नाव होतं. ज्या पंपांना कागद लागतो असे तीनशे चौदा पंप तिने तपासले, आणि तीनशे चौदा कागदांवर तुमचं नाव आहे. तिने पहिल्या दिवशीच बघितलं होतं. पण तिला वाटलं की बेंचला लक्ष्मण म्हणतात तर कागदावर बेंचचंच नाव येत असणार, इथली पद्धत असेल. सहीची जागाही नाही. खाली छापलेलं असतं की कागद संगणकाने केलाय, सहीची गरज नाही.

पीथमपूरच्या एका मोठ्या टेस्टिंग लॅबमध्ये तिने अर्ज केलाय. पगार दुप्पट, नोकरी पक्की. त्यांना दोन वर्षांच्या कामाचा पुरावा म्हणून तिच्या नावाचे कागद हवेत, २८ फेब्रुवारीपर्यंत. तुमचं आभाराचं पत्र आलं, देवांशभैयांनी वाचलं, कपाट उघडलं, तेव्हा हे बाहेर आलं. ते म्हणतात, "गिऱ्हाइकाकडे गेलेले कागद मी मागून बदलले तर सगळेच खोटे ठरतील. लक्ष्मणजी खुद लिख के दें कि मैंने नहीं किया, तो बात अलग है."

म्हणजे तुमच्याकडून नाव काढून घेणारं पत्र तुमच्याकडूनच मागतेय मी. मला माफ करा.

संहिता


नाशिक, ३ फेब्रुवारी २०२५

संहिता,

पत्र मिळालं. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स पाठव. तीनशे चौदाच्या तीनशे चौदा. न बघता मी कधी कशाला पास केलं नाही, नापासही केलं नाही.

लक्ष्मण दिघे


इंदूर, ६ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

कागद कुरिअरने पाठवतेय, नंबरवार लावून. पार्सल बांधायला शलाका स्वतः बसली होती. तिला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "काकांना वाईट वाटणार असेल तर राहू दे ताई, दुसरीकडे बघेन कुठे." तिच्या घरी तिच्याच पगारावर चाललंय, तरी म्हणाली. मी तिला म्हटलं की काका तसे नाहीत. पण तुम्ही खाली पूर्ण नाव लिहून सही केलीत, काका नाही लिहिलंत, ते मला कळलं.

संहिता


नाशिक, २० फेब्रुवारी २०२५

चि. संहिता,

राग आला होता. तुझा आला, मशीनचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. म्हातारा माणूस किती सहज फुलतो बघ. भिंतीवरचा कागद मी काढला. त्याचंही वाईट वाटलं. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

मग तुझं पार्सल आलं. रोज सकाळी अंघोळ करून वाचायला बसलो. पन्नासएक कागद वाचले आणि राग कुठे गेला कळलं नाही. पोरगी दोनदा पंप चालवते. एकदा चालवून अँपिअर लिहिते, मग तो पूर्ण थंड होऊ देते आणि पुन्हा चालू करून बघते. शेऱ्यात दरवेळी लिहिलंय, "थंड करून परत चालवला." हे मी कधी केलं नाही. मी गरम पंपावर कान लावून समाधान मानायचो. दोनशे सहा नंबरचा पंप बघ, पहिल्या खेपेला ठीक, थंड झाल्यावर अडकला, तिने परत पाठवला. माझ्या हातातून तो पास होऊन गेला असता. कोणाच्या तरी विहिरीवर, ऐन मार्चमध्ये, बंद पडला असता. अशा कामावर माझं नाव बसलेलं मी भिंतीवर लावून मिरवत होतो.

आता एक तुला माहीत नसलेलं सांगतो. तू ज्याला चूक म्हणतेस तिची सुरुवात तुझ्या बाबांनी केली आहे.

सत्त्याण्णव साली महूहून एक पंप जळून परत आला. श्रीकृष्णजींनी भर वर्कशॉपमध्ये विचारलं, "कौन टेस्ट किया इसको?" सगळ्यांना माहीत होतं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. संध्याकाळी देवेंद्र माझ्यासाठी केबिनमध्ये गेला. म्हणाला, "साहेब, तक्रार आली की टेस्टर कोण ते आठवतं. मग चांगल्या पंपाच्या कागदावरही त्याचं नाव टाका." साहेब म्हणाले, "कागज पे कंपनी का नाम रहता है, देवेंद्रजी." तो बाहेर आला, मला काही म्हणाला नाही. मला हे केबिनबाहेरच्या शिपायाने सांगितलं.

मग दोन हजार नऊमध्ये तो कॉम्प्युटर आला. बसवणाऱ्याने विचारलं, "किसके नाम से बनाऊँ?" साहेब बाहेरगावी होते. देवेंद्रने क्षणभरही विचार केला नाही, म्हणाला, "लक्ष्मण." मी म्हटलं, अरे मला त्याचं बटण कुठे ते माहीत नाही, आणि स्टोअरचं काम तर तू करणार. तो म्हणाला, "असू दे. कुठेतरी लिहिलेलं असावं." त्यानंतर रोज सकाळी मशीन चालू केलं की पडद्यावर माझं नाव यायचं, आणि तो खिडकीतून हाक मारायचा, "लक्ष्मणराव, बोलावणं आलंय." मी लाजून हौदाकडे पळायचो. सहा वर्षं रोज. त्याने मला ते का केलं हे कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुझंच बाबांना विचारायचं राहिलं असं नाही.

तेव्हा नाव आपोआप आलं नाही, बाळ. ते त्याने ठेवलं होतं, तुझ्या चिठ्ठीने ते बाहेर काढलं. नऊ वर्षांनी मी ते विहिरीवर वाचलं, ते माझं वाचून झालं. मला पुरे आहे.

वेगळं पत्र मी दिलेलं नाही. एका पत्रावर लॅबवाले विश्वास ठेवतील न ठेवतील. प्रत्येक कागदावर लिहिलंय, "ही तपासणी मी केलेली नाही. शलाका सोनवलकर यांनी केली आहे," आणि खाली सही, तारीख. मी केली नाही हे शपथेवर सांगू शकतो. तिने केली हे हजेरीचं रजिस्टर सांगेलच, पण काम वाचून मीही सांगतो. तीनशे चौदा सह्या झाल्या, सहा दिवस लागले. अमिता म्हणाली, रबर स्टँप करून आणू का. मी म्हटलं, नको.

आयुष्यभर टेस्टिंगच्या कागदावर सही करायला मिळाली नव्हती. आता पोटभर करून घेतली.

तुझा,
लक्ष्मणकाका


इंदूर, १६ एप्रिल २०२५

ती. काका,

शलाकाला नोकरी मिळाली. एक तारखेला रुजू झाली. मुलाखत घेणारे साहेब म्हणे गठ्ठा उलटत राहिले, शंभराच्या पुढे गेले आणि विचारलं, हे सही करणारे कोण? ती म्हणाली, "ज्यांच्या जागेवर मी काम करते ते." दोनशे सहाव्या पंपाबद्दल तिला अर्धा तास विचारलं. ती तुम्हाला वेगळं पत्र लिहितेय, दहा दिवसांपासून लिहितेय. मराठी की हिंदी तेच ठरत नाही तिचं.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्यांनी मला असलं काही सांगितलं नाही." मग म्हणाली पुन्हा वाच. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी एवढा वेळ त्यांच्याबद्दल बोललो नव्हतो. काका, मला ते घरातला गप्प माणूस म्हणून माहीत होते. खिडकीतून हाक मारणारे बाबा मला तुमच्यामुळे मिळाले.

प्रोग्राम दुरुस्त केलाय. चिठ्ठीवर आता 'टेस्टरचं नाव' असं स्वच्छ लिहिलंय, त्या नावाचा डबा मशीनच्या फळीवर नाही. आणि आणखी एक केलं, कोणाला न विचारता. हवी ती वस्तू मिळाली नाही तर असे प्रोग्राम काहीतरी भरून किंवा जागा कोरी सोडून काम रेटतात. ते मी बंद केलं.

शलाका गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात देवांशभैयांचा फोन आला. घाईची ऑर्डर, नवा टेस्टर अजून मिळालेला नाही, पंप कोणीतरी चालवून बघितला होता आणि कागद छापून येत नव्हता. "मशीन अटक गई क्या, संहिता?"

मी म्हटलं, "अटकलं नाही. टेस्टरचं नाव टाका."

"खाली छोड़ दूँ तो?"

"नहीं छपेगा, भैया."

मग फोन तसाच हातात धरून त्यांनी हाक मारली, तेव्हा कळलं की पंप फिटर पंढरीनाथांनी चालवला होता. अठरा वर्षं आहेत ते तिथे, देवांशभैया शाळेत होते तेव्हापासून. मला फोनवर ऐकू आलं, भैया त्यांना हळू आवाजात विचारत होते, "पंढरीनाथजी, आपका सरनेम क्या है?"

तुमची,
संहिता